तळातून आलेला बर्फ

पीटर्सबर्ग, अलास्का
३ मे १९९८

प्रिय सिग्ने,

नाताळनंतर मी लिहिलं नाही आणि तूही लिहिलं नाहीस, तेव्हा रुसायला कोणालाच जागा नाही. इथं पाऊस आहे. हे वाक्य मी दर पत्रात लिहिते असं तू मागं म्हणाली होतीस. काय करू, दर पत्रात तो असतोच. छपराच्या उत्तरेकडच्या अंगाला इतकं शेवाळ चढलंय की मेल्विन म्हणाला, "टोरुनआत्या, एक बकरी आणून वर सोडा. तिचंही पोट भरेल." मेल्विन म्हणजे आपल्या पीडर काकांचा नातू. तू गेलीस तेव्हा तो जन्मलाही नव्हता. आता त्याची स्वतःची बोट आहे, उन्हाळ्यात तो पाहुण्यांना हिमनदी आणि देवमासे दाखवायला नेतो.

लिहायचं कारण वेगळं आहे. पापांचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "उन्हाळा निघेल. पुढचं मी बोलत नाही." घरी येताना पापांनी विचारलं, "काय म्हणाला तो पोरगा?" (तो पोरगा पन्नास वर्षांचा आहे.) मी म्हटलं, "मीठ कमी खा म्हणाला." ते म्हणाले, "तू खोटं बोलतेस तेव्हा तुझी मान लाल होते. लहानपणापासून."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पिताना ते म्हणाले, "मला हिमनदीवर जायचंय."

सिग्ने, बत्तीस वर्षांत त्यांनी त्या खाडीकडे नाव वळवलेली नाही. मासे तिकडे आहेत हे ठाऊक असताना ते पलीकडच्या काठानं जायचे. वाहत वाहत बर्फाचा एखादा मोठा तुकडा गावासमोर आला, की ते उठून खिडकीचा पडदा ओढतात. आणि आता हे.

मेल्विनशी बोलले आहेत. शनिवार, १३ जून. "तीन जागा ठेव," म्हणाले त्याला. मी म्हटलं, "पापा, दोन ना?" ते म्हणाले, "तीन."

ये ना गं.

तुझी
टोरुन

&nbsp;

स्पोकेन
१४ मे १९९८

प्रिय टोरुन,

तुझं पत्र मी शाळेच्या वाचनालयातच, मुलं पुस्तकं परत करत असताना वाचलं. एका पोरानं विचारलं, "मिस हागेन, तुम्ही आजारी आहात का?" म्हणजे चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार.

पापा आजारी आहेत याचं मला वाईट वाटलं. ते खरंच वाटलं, म्हणून लिहिते. पण मी येणार नाही.

त्या घरात जे कोणी बोललं नाही ते मी एकदा शाईनं लिहून काढते, म्हणजे आपण दोघी कशाबद्दल बोलतोय ते तरी कागदावर राहील. २८ मे १९६६, शनिवार. दुसऱ्या दिवशी तुझं कन्फर्मेशन होतं. सगळ्या गावासमोर चर्चमध्ये पांढरा झगा घालून उभं राहायचं आणि त्या दिवसापासून मोठ्या माणसांत मोजलं जायचं. जेवणात सरबताच्या मोठ्या काचेच्या भांड्यात हिमनदीचा बर्फ हवा, ही आपल्या गावाची हौस. म्हणून पापा आपल्या तिघांना 'आल्मा' बोटीतून खाडीत घेऊन गेले. मग लहान होडी पाण्यात सोडली, नऊ वर्षांच्या हॉलवरला पुढं बसवलं आणि नुकत्याच तळातून वर आलेल्या बर्फापाशी वल्हवत नेलं. तो उलटला. पापा वर आले. हॉलवर आला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दफनभूमीत त्याच्या नावाच्या दगडाखाली नुसती माती आहे.

हिमनदीच्या भिंतीच्या पाण्याखालच्या भागातून सुटून वर उसळलेला बर्फ तासभर तरी स्थिर बसत नाही, कूस बदलतो. आपल्या गावात हे शेंबड्या पोराला कळतं. आयलर्ट हागेन तेव्हा तीस वर्षं त्या पाण्यात होते.

का गेले ते? मी बारा वर्षांची असल्यापासून या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहतेय. आईनं विचारलं नाही. ती तशीच आठ वर्षांनी गेली. तू विचारलं नाहीस. मी एकदा विचारलं, तर ते उठून जाळी शिवायला गेले.

तेव्हा तू एक कर. त्यांना विचार. त्या दिवशी तासभर थांबायचं सोडून जवळ का गेलात? मला खरं उत्तर पाठव. ते आलं, तर तिसऱ्या जागेवर मी बसेन.

सिग्ने

&nbsp;

पीटर्सबर्ग
२४ मे १९९८

प्रिय सिग्ने,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायला घेतलं तेवढ्यात मासे डबाबंद करायच्या कारखान्याचा भोंगा झाला आणि कामावर जावं लागलं. दिवसभर माशांची अंडी धुताना तुझी वाक्यं डोक्यात फिरत होती. शेजारची डॅग्नी म्हणाली, "टोरुन, तू त्या अंड्यांना पाठ करतेयस का?"

मी विचारलं. तू म्हणालीस तसंच विचारलं. ते खिडकीजवळ बसले होते, पायांवर ब्लँकेट होतं. त्यांनी ते वर ओढून घेतलं. मग म्हणाले, "बर्फ छान होता."

एवढंच. अगदी एवढंच, शपथेवर सांगते.

तू तेव्हा बोटीत खाली झोपली होतीस, सिग्ने. तू काही पाहिलं नाहीस. कधी कधी मला वाटतं, न पाहिलेल्या माणसाला ते जास्त दिसत राहतं. समुद्रावर एका क्षणात काय होतं आणि का होतं, ते नंतर सांगता येत नाही. पापांना येत नाही. म्हणून उत्तर नाही असं नसतं.

त्यांनी तुला चिठ्ठी लिहिली आहे, सोबत घालते. मला वाचू दिली नाही, पण पाकिटाला डिंक लावायला विसरले, त्यामुळे मी वाचली.

तुझी
टोरुन

(चिठ्ठी)
*सिग्ने. ये. पाऊस असणार. उबदार मोजे दोन जोड आण. पापा.*

&nbsp;

स्पोकेन
२ जून १९९८

टोरुन,

"बर्फ छान होता."

बत्तीस वर्षांनी हे उत्तर. हसावं की काय करावं. मोज्यांची सूचना मात्र सविस्तर आहे.

पत्रात तू समुद्राबद्दल आणि क्षणांबद्दल लिहिलं आहेस, पाद्री बोलतात तसं. तू अशी कधी बोलायची नाहीस. मी ओळीच्या मागं काय आहे ते शोधत बसले, शेवटी पत्र घडी करून ठेवलं.

मी येत नाही. तिसरी जागा मेल्विननं कोणा पाहुण्याला द्यावी. तुम्हाला चांगलं हवामान मिळो असं लिहिणार होते, पण त्या गावाला असं लिहिणं म्हणजे चेष्टाच.

सिग्ने

&nbsp;

पीटर्सबर्ग
१५ जून १९९८

प्रिय सिग्ने,

आम्ही जाऊन आलो. आज मला सगळं लिहायचं आहे, आणि मधे थांबले तर पुन्हा धीर होणार नाही.

पाऊस होता. जोराचा नाही, आपल्याकडचा नेहमीचा, जो पडतोय की नुसता हवेत उभा आहे ते कळत नाही तो. डोंगर कमरेपर्यंतच दिसत होते. मेल्विनच्या बोटीवर नऊ पाहुणे होते, सगळे नव्या करकरीत पिवळ्या रेनकोटात. पापांचा तोच जुना हिरवा. मी थर्मास आणि बटाट्याच्या पातळ पोळ्या घेतल्या होत्या, लोणी-साखर लावून, गुंडाळी करून. पापांनी धक्क्यावर मागं वळून पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं. मी म्हटलं, "ती नाही येणार, पापा." ते म्हणाले, "मी बोयावरचे समुद्रसिंह बघतोय." तिकडे बोया नव्हता, सिग्ने.

मोठ्या पाण्यात दोन देवमासे दिसले, एक आई आणि तिचं यंदाचं पिल्लू. आधी श्वासाचा फवारा, मग ती काळी पाठ सावकाश वर येते, आणि शेवटी शेपूट उभी करून खाली जाते. पिल्लाला शेपूट उभी करता येत नव्हती, ते नुसतं चपकन आपटायचं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मेल्विन माइकवरून सांगत होता, देवमासा दिवसाला इतके मासे खातो न् तितके मासे खातो. पापा मोठ्यानं म्हणाले, "पोरा, तो तुझ्या आवाजानं जेवायचं सोडून पळाला बघ." सगळे हसले. मलाही हसू आलं. किती दिवसांनी.

खाडीच्या तोंडाशी बर्फ लागला. मेल्विननं वेग अगदी कमी केला. तुकडे बोटीच्या अंगाला घासत जायचे, आणि पापा प्रत्येक आवाजाला डोळे मिटत होते. आत गेल्यावर सील दिसले. शेकडो. दर तुकड्यावर एक, शेजारी पिल्लू. मेल्विन लांबूनच जात होता, कारण या दिवसांत जवळ गेलं की आया पाण्यात उड्या मारतात आणि पिल्लं वरच राहतात. एक पिल्लू तसं एकटं होतं. माझ्या शेजारी ओहायोच्या एक बाई होत्या, त्या कळवळल्या, "अरेरे, आईनं टाकलं त्याला!" पापा म्हणाले, "टाकलं नाही. ती खालून बघतेय. आपण गेलो की येईल." मग थोड्या वेळानं, स्वतःशीच, "आपणच जायला पाहिजे."

त्या बाईंना ते आवडले असावेत. त्यांनी विचारलं, "तुम्ही पूर्वी आला होतात इथं?"

"बरेचदा. मुलांना घेऊन यायचो."

"किती मुलं तुम्हाला?"

"तीन. ही थोरली. मधली वॉशिंग्टन राज्यात असते, पुस्तकांत. धाकटा इथंच राहतो."

"इथं? अगं बाई! एवढ्या थंडीत?"

"सवय झालीय त्याला," पापा म्हणाले.

मी तोंड फिरवलं. पाऊस असला की एक बरं असतं, कोणाचा चेहरा कशानं ओला आहे ते विचारत नाहीत.

हिमनदी मागं गेली आहे, सिग्ने. खूप मागं. आपण जिथं होतो तिथं आता नुसतं उघडं पाणी आहे. मी ती जागा ओळखलीच नसती. पापांनी कड्यावरचा धबधबा पाहिला, त्याच्या खालचा वाकड्या नाकाचा खडक पाहिला, आणि मेल्विनच्या खांद्यावर हात ठेवला. "भिंत तेव्हा इथं होती. इथं इंजिन बंद कर." मेल्विननं माइकही बंद केला. गुणी पोरगा आहे. पुढं कुठंतरी धुक्यात भिंत कडाडली, नुसता आवाज आला, दिसलं काहीच नाही.

पापांनी टोपी काढली. मला वाटलं प्रार्थना म्हणतील. त्यांनी हाक मारली. "हॉलवर!" जेवायला बोलवावं तशी, थोडी चिडून, पोरगं ऐकत नाही म्हणून. एकदाच. कड्यावरून ती परत आली. आणि बोटीभोवती पाण्यात सीलांची डोकी वर आली, दहा-बारा तरी, गोल काळ्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत. हाक ऐकली की येतात ते, तुला माहीत आहे. पाहुण्यांनी फोटो काढले. त्यांचा काय दोष.

परतताना आम्ही दोघं मागच्या बाजूला आडोशाला बसलो. मी म्हटलं, "पापा, मी तिला लिहिणार आहे. सगळं."

"नको लिहूस."

"का?"

"तिला कोणावर तरी रागवायचं होतं. माझ्यावर रागावली. बरं झालं. तुझ्यावर रागावली असती, तर तिला घरातलं कोण उरलं असतं? पत्रं कोणाला लिहिली असती तिनं?"

"पण मी..."

"तू पंधरा वर्षांची होतीस. वल्ही माझ्या हातात होती."

हे त्यांनी बत्तीस वर्षांत पहिल्यांदा बोलून दाखवलं. आणि मी त्यांचं ऐकणार नाहीये.

सिग्ने, तो बर्फ उसळून वर आला तेव्हा पापांनी होडी फिरवली होती. ते परत येत होते. होडीत नेहमीचा पांढरा, बुडबुड्यांचा बर्फ भरला होता, त्यावर हॉलवर पाय ठेवून बसला होता. मी 'आल्मा'च्या कडेला उभी होते. तो तळातला बर्फ कसा होता सांगू? काळा. काचेसारखा, आणि आत खोल निळा. भांड्यात घातला तर दुपारभर विरघळत नाही. मी ओरडले, "पापा, तो काळा आणा!"

ते म्हणाले, "अजून बसला नाही तो. तासभर थांबू."

मी म्हटलं, "उद्या लुंडांच्या घरीही भांड्यात काळाच असणार, आणि आपल्या भांड्यात हा पांढरा? सगळं गाव येणार आहे!" त्यांनी मान हलवली. तेव्हा मी म्हणाले, "म्हातारे झालात तुम्ही. भिता!"

हॉलवर खदखदून हसला. "पापा भितात, पापा भितात!" पापाही हसले. हसले, आणि वल्ही वळवली.

हेच आहे तुझं उत्तर. माझं कन्फर्मेशन पुढं सप्टेंबरात झालं, रोजच्या कपड्यात. पाद्र्यांनी विचारलं, मनावर काही ओझं आहे का, मी नाही म्हटलं. आईलाही सांगितलं नाही. तू घर सोडून गेलीस तेव्हा मी धक्क्यावर तुझी पेटी धरून उभी होते आणि तू म्हणालीस, "मी त्यांचं तोंड पाहणार नाही." तेव्हा सांगायचं होतं. फेरीबोटीनं भोंगा दिला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे सगळ्यात वाईट आहे, ते सुटल्यासारखं वाटणं.

आता तुला हवं ते कर. पण त्यांच्यावर रागावू नकोस.

टोरुन

&nbsp;

पीटर्सबर्ग
२९ जून १९९८

सिग्ने,

दोन आठवडे झाले. पत्र मिळालं असणार.

तू मला लिहू नकोस, हरकत नाही. त्यांना दोन ओळी लिही. ते अंथरुणावरून उठत नाहीत आता. साडेदहाला टपाल येतं, तेव्हा मी जिन्यात असतानाच विचारतात, "काय आलं?" मी सांगते, विजेचं बिल. जाळ्यांची जाहिरात. ते म्हणतात, "हं." आणि तोंड भिंतीकडे करतात.

टोरुन

&nbsp;

स्पोकेन
३ जुलै १९९८

प्रिय टोरुन,

तुझं पत्र १९ जूनला आलं. त्या दिवसापासून मी तुला सात पत्रं लिहिली आणि फाडली. हे आठवं. कसंही झालं तरी हे पाठवणार आहे.

मी झोपले नव्हते.

मला मळमळत होतं म्हणून बादली घ्यायला मी शिडी चढत होते. झडपेतून डोकं बाहेर काढलं तर समोर फक्त तुझ्या टाचा दिसल्या. तू चवड्यांवर उभी होतीस, उंच व्हायला. मी "भिता!" ऐकलं. हॉलवरचं हसणं ऐकलं. मग होडी दिसली, मग तो बर्फ हलला, अगदी सावकाश, झोपेत कोणी कूस बदलावी तसा. मी तुला ओरडताना ऐकलं आणि खाली उतरले. अंथरुणात शिरून डोक्यावर ब्लँकेट घेतलं आणि डोळे मिटले. नंतर कोणीतरी म्हणालं, बरं झालं, पोरगी झोपली होती, तिनं काही पाहिलं नाही. मी तसंच राहू दिलं.

तू मला घरात सगळ्यात आवडायचीस, टोरुन. माझे केस तू विंचरायचीस, आई नाही. तू गेली असतीस तर मला कोणीच उरलं नसतं. मी हे ठरवून केलं नाही, बारा वर्षांची मुलगी काय ठरवते. पण कोणावर तरी रागवायलाच हवं होतं, आणि पापा गप्प राहून समोर उभे होते. मग तो राग इतका जुना झाला की तो खरा आहे की नाही, हेही मी विसरले.

मे महिन्यात मी तुला लिहिलं, त्यांना विचार. तुला वाटलं मी त्यांची परीक्षा घेतेय. मी तुझी घेत होते. तू सांगतेस का, एवढंच बघायचं होतं. आणि तू "समुद्रावरचे क्षण" पाठवलेस. मला इतका संताप आला की जूनमध्ये काढायला घेतलेलं तिकीट मी काढलंच नाही. म्हणजे तिसऱ्या जागेवर मी बसले असते, टोरुन. ते धक्क्यावर मागं वळून बघत होते आणि मी इथं तुला शिक्षा करत होते.

त्यांनी तुला बोटीवर जे सांगितलं ते वाचल्यापासून मला झोप नाही. त्यांना कसं कळलं मी काय केलं ते? त्यांना ठाऊक होतं का की मला ठाऊक आहे?

११ तारखेचं तिकीट काढलंय. त्यांना सांग. हे पत्र हातात पडल्याबरोबर जिना चढून वर जा आणि सांग, सिग्ने येतेय. बाकीचं मी स्वतः सांगेन त्यांना. फोन करणार नाही, फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही.

तुझी
सिग्ने

&nbsp;

पीटर्सबर्ग
८ जुलै १९९८

प्रिय सिग्ने,

हे पत्र मेल्विनच्या बायकोबरोबर पाठवतेय. ती उद्या सिअ‍ॅटलला बहिणीकडे चालली आहे, शुक्रवारी सकाळी तू विमान बदलशील तिथं येऊन तुझ्या हातात देईल. वाचायला तुला वेळ मिळेल, आणि उतरलीस की आपल्याला एकमेकींना पहिल्यापासून काही सांगत बसावं लागणार नाही.

रविवारी फोनवर मी तुला सांगितलं, पापा गेले, आणि तू "बरं" म्हणालीस. मी फोन ठेवला नाही, तूही ठेवला नाहीस. शेवटी तू म्हणालीस, "तिकीट एक दिवस अलीकडे घेते." मला कळेना, कसलं तिकीट. तुझं पत्र काल, मंगळवारी आलं, साडेदहाच्या टपालानं. मी ते घेऊन जिना चढले. अर्ध्यावर गेल्यावर आठवलं की वर कोणी नाही.

तू विचारलं आहेस ना, त्यांना ठाऊक होतं का. होतं. शनिवारी दुपारी त्यांना जरा बरं वाटत होतं, माशाची पेज चार चमचे घेतली. मी रडत होते. मी म्हटलं, "पापा, मी तिला लिहिलं. तिचं उत्तर नाही. आता ती मलाही सोडणार." ते म्हणाले, "नाही सोडणार. तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे." मी म्हटलं, "ती झोपली होती." त्यावर ते म्हणाले, "मी बोटीवर चढलो आणि आधी खाली गेलो, ती तरी आहे का बघायला. ब्लँकेटमध्ये होती. डोळे घट्ट मिटून. केस पावसानं ओले होते तिचे." मग म्हणाले, "मी पुसले. तरी तिनं डोळे उघडले नाहीत. मग मीही काही बोललो नाही."

तुला आठवतं का गं, ते पुसणं?

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले. तू येतेयस हे त्यांना कळलं नाही. खोटं लिहून तुला बरं वाटेल असं मी करणार नाही, आपण ते पुष्कळ केलं.

मला तुझा राग आलाय, सिग्ने. खरा राग. तुला माहीत होतं आणि तू मला बत्तीस वर्षं एकटीला 'आल्मा'च्या त्या कडेला उभं ठेवलंस. मी दर नाताळला तुला भेट पाठवायची आणि मनात म्हणायची, हिला कळलं तर ही पाकीटही फोडणार नाही. आणि तुला माझा राग आलाय, तो तर असणारच, मी तुझे वडील तुझ्यापासून नेले. दोघींनी मिळून सगळं एका म्हाताऱ्या माणसावर ठेवलं, कारण तो तक्रार करत नव्हता.

अंत्यविधी शनिवारी दोन वाजता आहे. पेटी मेल्विन आणि डॅग्नीच्या नवऱ्यानं बोटीच्या शेडमध्ये केली, पिवळ्या देवदाराची, घरभर वास येईल. शुक्रवारी दुपारी त्यांना घरी आणणार आहेत, बैठकीच्या खोलीत. गावातल्या बायका केक आणि कॉफी घेऊन यायच्या म्हणत होत्या, आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, तासभरही घर रिकामं ठेवत नाहीत. मी सगळ्यांना सांगितलं, शनिवारी बारापर्यंत कोणीही येऊ नका. डॅग्नीला वाईट वाटलं. म्हणाली, "दोघीच काय करणार एवढा वेळ?"

मी म्हटलं, भांडणार.

आपण त्यांच्यासमोर बसू, सिग्ने, एक या बाजूला आणि एक त्या, आणि मोठ्यानं बोलू. तू मला काय म्हणायचं ते म्हण, मी तुला म्हणेन. काही राखून ठेवायचं नाही. ते आपल्या दोघींसाठी गप्प बसले, आता ते ओझं त्यांच्याबरोबर मातीत जाऊ द्यायचं नाही. शेजाऱ्यांना ऐकू गेलं तर जाऊ दे.

मी विमानतळावर असेन.

टोरुन